जरा धर म्हनली आन् गेली

आन् मीच का, म्हनतो मी? साठी उलटलेल्या मानसानं शाळंम्होरच्या लिंबाखाली पोरं घेऊन बसायचं, हे कुठल्या कायद्यात लिवलंय? तुमास्नी सांगतो, समदं त्या शालूनं केलं. शालू म्हंजे माझी नात. बाप जोतीराम पल्टनीत, आई विजयमाला दिसभर उसात भांगलायला, मग धाकटं पोरगं कुनी सांभाळायचं? शालूनंच की. सा वर्सांची झाली तरी कडंवर ते गाठुडं हायेच.

तर दुष्काळ सरला त्या साली जूनमधी मास्तर दारात. "आकारामनाना, पोरीचं नाव घालू." म्हनलं, "घाला की, पन पोरगं कुनी सांभाळायचं?" मास्तर कसला ऐकतोय. "बाळ, डोक्यावरनं हात घालून पल्याडचा कान धर." आता जन्माचा दाखला हाय कुनाकडं? हात कानाला पुरला की सा वर्सं भरली, झालं. शालूनं घातला हात... तर हातात कडंवरच्या पोराचाच कान. त्यानं जो भोंगा पसरला, मी म्हनलं, मिटलं, ऱ्हाती पोरगी घरात. तर ही बया सरळ माझ्याकडं आली. "आज्जा, जरा धर." पोरगं मांडीवर टाकलं, सोताचा कान धरला, नाव लिवलं. अन् जरा धर म्हनली ती तवाधरनं मी धरलंय.

दुसऱ्या दिशी ही शाळंत, हितं ह्यो रडून निळा. बहीन दिसली तरच गप. मग काय करता, खिडकीम्होरं लिंबाखाली बसलो. आतनं ही पाढं म्हनती अन् एक डोळा आमच्यावर. मास्तरापरास हिचा धाक जास्त, गड्या.

पर दिवाळीला जोतीरामचं पत्र आलं. एरवी चांदसाहेबाच्या दुकानात न्यायचं, चार गिऱ्हाइकांदेखत वाचून घ्यायचं, सून बिचारी पदरात तोंड घालून हुभी. ह्या खेपंला शालूनं चुलीम्होरं वाचलं. अडखळत, पर समदं. मला ऐकू येत न्हाई म्हनून मी तीनदा वाचाय लावलं. कान चांगलं हायती माझं.

तिथंच चुकलं. गल्लीत बोभाटा झाला अन् बाया म्हनाय लागल्या, आमच्याबी पोरी घालू शाळंत, धाकटी सांभाळाय नाना बसल्यातच की. आता लिंबाखाली सात पोरं. पटावर पोरी वाढल्या म्हनून वरनं शाबासकी कुनाला? मास्तराला. काल रहिमतबी दोन जुळी घेऊन हजर. "नाना, आमच्या ताहेराचाबी हात पुरला कानाला. जरा धरता?"

म्हनलं, ठेव बाई. कोरड्या लंगोटाचं हिकडं, ओल्या लंगोटाचं तिकडं.