तीन मिनिटांत न मावलेलं

(अंबरनाथ, जून २००७. हिरामण आणि अंजनीचं फॅक्टरी क्वार्टर. लेकीनं, भावनानं, लंडनहून पाठवलेला नवा फोन आजच इंटरनेटला जोडलाय. स्पीकर चालू आहे.)

अंजनी : जय भीम, भावना! जेवलीस? तब्येत बरी? हॉस्पिटलात ड्यूटीचा त्रास नाही ना? आम्ही मजेत. चल, ठेवते.

भावना : अगं आई, ठेवतेस काय! आणि ओरडू नको, स्वच्छ ऐकू येतंय.

अंजनी : तुझे पप्पा घड्याळ घेऊन उभेत ना इथं.

हिरामण : सवय गं! जुन्या फोनवर तिसरं मिनिट लागलं की मला आयएसडीचं बिलच दिसायचं.

भावना : पप्पा, ठेवा ते घड्याळ. याला मीटरच नाही. तासभर बोला.

हिरामण : तासभर? एवढं तर मी लग्न ठरवतानाही बोललो नव्हतो.

भावना : आई? कट झाला काय?

अंजनी : नाही. एक सांगायचंय. घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वर्षभर राहिलं.

भावना : कसलं? कोणी आजारी आहे का? खरं सांग.

हिरामण : सांग की आता! तोंडाला कुलूप लावून दमलो मी.

अंजनी : मी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाहेरून दहावी.

भावना : तू?

अंजनी : नापास झाले असते तर कुणाला कळायला नको, म्हणून बोलले नाही. पास झाले, भावना. काल मार्कशीट मिळाली.

भावना : आई गं! आई!

हिरामण : आता तू ओरडायला लागलीस.

भावना : ओरडणारच! गणितात पण?

अंजनी : काठावर. बीजगणितानं घाम काढला. हे पहिली पाळी करून आले की शिकवायला बसायचे. एवढे चिडायचे! वर चहा मीच करायचा.

हिरामण : चहा मी करायचो. खोटं बोलू नको.

भावना : भांडा नंतर. मार्कशीट घे हातात. सगळी वाच. सावकाश.

अंजनी : मराठी एकाहत्तर. इंग्रजी एक्केचाळीस. इतिहास...

भावना : थांबलीस का?

अंजनी : वर आईच्या नावाचा रकाना आहे बघ. तिथं 'पुतळी' आहे. तुझ्या आजीचं नाव आजवर रेशनकार्डावर पेनानं लिहिलेलंच बघितलं होतं मी. छापलेलं हे पहिल्यांदाच.

भावना : परत वाच ना.

अंजनी : पुतळी.