पिवळ्या झग्यावरचं नाव

लेओकादिया : ओढू नकोस, ब्रियांदा. कापड कुजलंय, हातात येईल.

ब्रियांदा : येऊ दे की. बाबांना शिक्षा म्हणून घातलेला हा झगा त्यांच्या नावासकट तीस वर्षं चर्चच्या भिंतीवर टांगलाय. उंदरांना दया आली, पाद्र्यांना नाही.

लेओकादिया : रविवारी टोलेडोच्या धर्मन्यायालयातून तपासणीला साहेब यायचेत. जुने झगे बदला, नावं ठळक काढा, असा हुकूम आहे. मी नुसती शिवणारी.

ब्रियांदा : म्हणूनच आले, ताई. सुगीनंतर लेकीचं लग्न करायचंय. मुलाकडचे परगावचे. चर्चमध्ये त्यांनी मान वर केली की संपलं. नाव गाळ.

लेओकादिया : साहेब कागद घेऊन एकेक नाव ताडतो. गाळलं तर तसाच झगा माझ्या अंगावर येईल. मला भीती वाटते गं.

ब्रियांदा : तेव्हाही वाटली होती?

लेओकादिया : कधी?

ब्रियांदा : आमच्याकडे कामाला होतीस तेव्हा. चौदा वर्षांची. शुक्रवारी चढवलेली हरभऱ्याची हंडी आम्ही शनिवारी चूल न पेटवता खातो, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

लेओकादिया : ...पाद्र्याने सहज विचारलं, घरी काय शिजतं. मी तोऱ्यात सांगितलं. ती हंडी मीच लावायला शिकले होते ना. ही यहुद्यांची रीत, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी पाळली तर गुन्हा, हे मला ठाऊक नव्हतं.

ब्रियांदा : मग झालं तर.

लेओकादिया : नाही झालं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ठाऊक होतं. तरी सांगितलं. चौकात तुझ्या बाबांना हा झगा घालून अनवाणी फिरवलं, फटके मारले, तेव्हा मी पुढेच उभी होते. सगळे थुंकले. मीही थुंकले.

ब्रियांदा : बाबांनी बघितलं होतं. घरी येऊन म्हणाले, पोरीच्या तोंडाला कोरड पडली होती, थुंकीसुद्धा आली नाही. तिला कुणी काही बोलायचं नाही.

लेओकादिया : म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ईस्टरला मी पाव आणायचे, तेव्हाही?

ब्रियांदा : खायचो की. पाव चांगला असायचा.

लेओकादिया : नको गं असं बोलूस. लाजेने तोंड लपवावंसं वाटतंय.

(लेओकादिया दोऱ्याच्या दोन गुंडाळ्या पुढे ठेवते.)

लेओकादिया : ही काळी पक्की. ही दुसरीही काळीच, पण रंग कच्चा. खिडकीच्या उन्हात सुगीपर्यंत विटून पिवळी पडते. रविवारी साहेबाला दोन्ही सारख्याच दिसतील. हिनेच नाव पूर्ण काढते, एकही अक्षर न गाळता.

ब्रियांदा : आणि पुढच्या तपासणीला? आधी तुलाच धरतील, ताई.

लेओकादिया : धरू देत. साक्ष देणाऱ्याचं नाव कुठे लिहीत नाहीत. शिवणारीचं साऱ्या गावाला ठाऊक असतं.

ब्रियांदा : ताई...

लेओकादिया : सुई ओवून दे जरा. मला भोक दिसेनासं झालंय.