आरसा केवढ्या उंचीवर?

लक्ष्मीपुरीतल्या दिव्यांच्या दुकानात गंगव्वा बल्ब घ्यायला थांबली होती. पुढं एक जोडपं भांडत होतं.

"हॉलशेजारच्या एवढ्याशा संडासाला आरसा आनि तीन-तीन दिवे? माझ्या सैपाकघरात एकच बल्ब!"

"पावण्यांसाठी हाय त्यो. वास्तुशांतीला चेअरमनसाहेब येणार हायती."

"आरसा केवढ्या उंचीवर, मालक?" दुकानदारानं विचारलं. "दिवा त्याच्यावर येतोय, वायर तेवढीच तोडतो."

"माझ्या डोक्याच्या वर धरा. साहेब उंच हायती."

"मला त्यात भांगसुदीक दिसायचा न्हाय!"

"तुझं काय काम गं तिथं?"

नवरा असा ओरडला, की गंगव्वाला वाटलं, बाई आता गप्प बसणार.

"व्हय? मग त्यो संडास रोज घासायला चेअरमनसाहेब येणार हायती काय?"