काकांनी बांधलेली दोरी

मोठ्यांच्या अनुभवाबद्दल मला कोणी काही सांगू नका. खडकवासल्याच्या पाण्यात, भन्नाट वाऱ्यात, बाबांचे मित्र शिंदेकाका आणि मी छोट्या होडीला शीड चढवत होतो. मी म्हटलं, "काका, शिडाची दोरी मोकळी ठेवा. वारा भरला तर होडी उलटेल."

"तू जन्मायच्या आधीपासून होड्या चालवतोय मी," म्हणत त्यांनी दोरी करकचून बांधली. शीड वर जाताच टम्म फुगलं आणि आम्ही दोघंही पाण्यात! लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून मीच त्यांना ओढत काठावर आणलं.

काकू धावत आल्या. "अहो, झालं तरी काय?"

काका खोकत म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराबरोबर गेल्यावर दुसरं काय होणार?"