विहीणबाईले आग्रह

आता हसू नका, पण म्या चंद्रपूरले जाऊन विहीणबाईले, म्हंजे माझ्या पोरीच्या सासूले, जुन्या टीव्ही गेममधी हरवलं. जे आजी जिंकन, तिच्या घरी नात सुट्टीभर राहील, अशी पैज होती.

नात म्हने, "आजी, एका रंगाचे चार गोळे जुळव, मंग तिच्या बाजूले गोटे पडतात."

"विहिणीवर गोटे कसे टाकू वं?" म्हणून मी थांबली, तं विहीणबाईनंच माझ्यावर धडाधड टाकले. मंग म्या पदर खोचला. नात माझ्या घरी, कोरपन्याले, न्यायचीच होती.

"घ्या विहीणबाई."

"पुरे, बाई!"

"असं कसं? आणखी घ्या, लाजू नका!"

त्यायची बाजू गोट्यायनं वरपर्यंत भरली, अन् त्या हरल्या. मी नातीची बॅग उचलली, तं विहीणबाई म्हनल्या, "लग्नाच्या पंगतीत तं येवढा आग्रह नाई केला तुमी!"