मागे कोणी राहू नये

सुभद्राबाई : आणि आंघोळ? तीसुद्धा माळावर, उघड्यावर, देवाच्या आज्ञेनं?

काशीबाई : माडाची झापां लावन न्हाणी केलीहा, बाई. तुमका बघूक कोण येवचो नाय. भिया नको.

सुभद्राबाई : विनोद पायरीवर उभं राहून केलात म्हणून खपला. आत येऊन केला असतात, तर खपला नसता.

काशीबाई : आत येवा म्हणान सांगलात खंय?

सुभद्राबाई : तुमच्या हातात कोंबड्यांचं डालगं आहे.

काशीबाई : रिकामा आसा ता. कोंबयो सकाळीच व्हाळापलीकडे गेल्यो. गुरां गेली, कुत्रे गेले, सुताराचो पोपट पिंजऱ्यासकट गेलो. गावात रवलव आपण दोघी. आता परत ढोल वाजलो काय गावकार शीव बंद करतलो. मगे तीन दिस, तीन राती कोणी आत येवचा नाय.

सुभद्राबाई : गावपळण म्हणे! ग्रामदेवतेनं कौल दिला, म्हणून सबंध गाव चुली विझवून पळतो. आणि पळतो कुठे? ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर! निदान लांब तरी पळावं. भित्र्या माणसांनाही काही महत्त्वाकांक्षा असावी.

काशीबाई : भियान कोण पळता? देवाक तीन दिस गाव मोकळो व्हयो असता.

सुभद्राबाई : हे एक मात्र मला पटतं. वर्षानुवर्षं या गावाचं बोलणं ऐकायचं, म्हणजे देवालाही विसाव्याची गरज भासणारच. माझी त्याला पूर्ण सहानुभूती आहे. तो त्याच्या देवळात राहील, मी माझ्या घरात राहीन. आम्ही एकमेकांना त्रास देणार नाही.

काशीबाई : देवाक इचारलात?

सुभद्राबाई : त्यानं मला विचारलं होतं का? आणि एक सांगा. गाव देवावर सोपवलात ना? मग दारांना कुलपं कशाला? खिडकीतून पाहत होते मी. तुमच्या त्या गावकाराच्या दाराला तर एकावर एक दोन.

काशीबाई : देव आपल्या गावचो. चोर भायलो.

सुभद्राबाई : धन्य आहे. जा आता. उशीर होईल तुम्हाला.

काशीबाई : जातंय. तुमका न्हेवक मी इलंयच नाय. मांजराक न्हेवक इलंय.

सुभद्राबाई : माझ्याकडे मांजर नाही.

काशीबाई : खुर्चयेखाली काय आसा ता मगे?

सुभद्राबाई : ते येतं. बसतं. त्याला माझं म्हणण्याइतका आमचा परिचय नाही.

काशीबाई : दूध कोण घालता तेका?

सुभद्राबाई : उरलेलं टाकते.

काशीबाई : उरलेला! म्हस माझी, दूध मी घालतंय. घोव गेलो काय बायलमाणूस दूध कमी करता. तुमी वाढवलात. माका काय कळना नाय?

सुभद्राबाई : तुम्हाला सगळंच कळतं, हाच तुमचा दोष आहे. न्या मांजर. त्याच्यासाठी एवढी पायपीट कशाला केलीत, ते मात्र मला कळलं नाही.

काशीबाई : गावात जीव म्हणान रवता नये. मुंगयेचा काय करूक येना नाय, ती गजाल येगळी. गावकारान सांगल्यान माका, 'काशी, बाईंच्या मांजराचा काय ता बघ.'

सुभद्राबाई : मांजराचं.

काशीबाई : होय.

सुभद्राबाई : म्हणजे मांजराची आठवण झाली गावकाराला. नाही, मला आनंदच आहे. कोणाची खोप कुठे, बांबू कोणी आणायचे, पाणी कोणी भरायचं, हे सांगत घरोघर माणूस फिरला म्हणे. माझ्या पायरीवर कोणी चढलं नाही. मी भात उतरवत होते, तेव्हा ढोल वाजला. तेव्हा कळलं मला, की गाव निघाला.

काशीबाई : कोण चढतलो तुमच्या पायरेर? मागच्या पळणीक गावकार देवाक गाऱ्हाणा घालीत होतो. सगळो गाव हात जोडून उभो. आणि तुमी मधीच काय म्हटलात? आठवता?

सुभद्राबाई : 'गावकार, आधीचं वाक्य संपवा, मग पुढचं घ्या.' म्हटलं. चूक काय त्यात?

काशीबाई : देवाच्या तोंडार! त्या दिसापासून तो बिचारो तुमका लांबसून बघता आणि बांधावरची वाट धरता. तुमचे घोव मात्र हसान हसान लोळले होते.

सुभद्राबाई : नाना सगळ्यालाच हसत. त्यांना माळावरची ती धुळीतली जेवणं, ती भजनं, ते पत्त्यांचे डाव, सगळं आवडायचं. चौथ्या दिवशी कौल मिळाला की त्यांचा चेहरा पडायचा. परत यायचं म्हणून.

काशीबाई : आणि तुमी?

सुभद्राबाई : मी त्यांच्याबरोबर होते. मला तिथल्या कोणाशी काही कर्तव्य नव्हतं. आताही नाही. माझी व्यवस्था उत्तम आहे. दर गुरुवारी तालुक्याच्या कुठल्याशा संस्थेतून एका मुलीचा फोन येतो. रसिका तिचं नाव. नावापुरतीच.

काशीबाई : माकाय इलो होतो तो फोन. काय इचारता ती?

सुभद्राबाई : 'आजी, या आठवड्यात तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?' जणू चहात साखर किती, असं विचारावं.

काशीबाई : मगे काय सांगतास?

सुभद्राबाई : सांगते, 'बाळ, मी तुझी आजी नाही, आणि प्रश्न वाचून दाखवायचा नसतो, विचारायचा असतो.' मग ती म्हणते, 'कधीच नाही असं लिहू का?' मी म्हणते, लिही. तुम्ही काय सांगितलंत?

काशीबाई : म्हस व्येताहा म्हणान सांगलंय आणि ठेवलंय. खोटाच.

सुभद्राबाई : तेही बरंच. आणि तो तुमचा देवळामागचा म्हाताऱ्यांचा कट्टा! प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गोल बसवतात, हात वर करा म्हणतात, टाळ्या वाजवा म्हणतात, हसा म्हणतात. मी बालवाडीला हेच शिकवत असे. त्या मुलांनाही पुढे पहिलीत जायचं असे. या बिचाऱ्यांना कुठे जायचं आहे?

काशीबाई : मी गेल्लंय एकदा. चाय बरी होती.

सुभद्राबाई : हसलात?

काशीबाई : हसलंय. हसवणारो बघून हसाक इला. पण बाई, ह्या तीन दिसांत गुरुवार येता?

सुभद्राबाई : नाही.

काशीबाई : मगे न्हाणयेत घसरलात तर गुरुवारपर्यंत थंयच पडान रवतल्यात.

सुभद्राबाई : एरवी पडले तर कोण येतं?

काशीबाई : एरवी तुमच्या राटाचो आवाज येता सकाळी. नाय इलो तर मी मधल्या गडग्यावरसून डोकावतंय.

सुभद्राबाई : तुम्ही माझ्या विहिरीचे आवाज ऐकता?

काशीबाई : कान आसत, ते खंय काढून ठेवतलंय? माका तुमचा तोंड बघूक आवडना नाय, ता खरा. नाना गेले तेवा मी पेजेबरोबर भाजी धाडलंय. तुमी माझी वाटी धुवन, पुसून, गडग्यार ठेवलात. रिकामी! शेजारणीची वाटी रिकामी परत करूची नसता, ह्या पोरासोरांक कळता. साखरेची चिमूट तरी. मी तेवाच म्हटलंय, ही बाय माका भिकारीण समाजता, काय सोताक म्हाराणी समाजता.

सुभद्राबाई : घरात काही नव्हतं.

काशीबाई : साखर नव्हती?

सुभद्राबाई : असेल. मी डबे उघडत नव्हते. चूल पेटवत नव्हते. तुमची भाजी होती म्हणून मी त्या दिवशी जेवले. वाटी धुतली, तेवढंच एक काम त्या आठवड्यात माझ्या हातून नीट झालं. तुम्हाला रिकामी वाटी दिसली. माझ्याकडे त्या दिवशी तेवढंच होतं.

काशीबाई : ...मगे असा सांगाचा.

सुभद्राबाई : कोणाला? तुम्ही वाटी उचललीत आणि पदर झाडून निघून गेलात. असो. गाव रिकामा झाला म्हणून मला नवीन काय होणार आहे? समोरच्या घरांत संध्याकाळी दिवे लागणार नाहीत. एरवीही ते माझ्यासाठी लागत नाहीतच.

काशीबाई : बघतास मात्र.

सुभद्राबाई : डोळे आहेत. ते कुठे काढून ठेवू?

काशीबाई : आणि बोलतास.

सुभद्राबाई : काय?

काशीबाई : सांच्याक. मी म्हशीक धार काढूक बसलंय की आयकतंय. 'इलंस गो बाये? खंय होतंस? पाय बघ कसे चिखलान भरलेत. आज माका काय जेवूक जावना नाय गो.' म्हायेरची मिठबावची तुमी, माझ्यासारकीच मालवणी बोलतास. मांजराक मालवणी, आणि माका ही रेडियोवरची मराठी! इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्याकडे तशी बोललात? मी मांजरापेक्षा वायट?

सुभद्राबाई : दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकणं ही असभ्यता आहे.

काशीबाई : आसांदे. मी असभ्यच. म्हणान असभ्य बोलतंय, आयका. गावात जिवंत काय रवता नये, ह्यो नियम. मांजर रवला तर पळण मोडता. आणि तुमी रवलात तर काय होवचा नाय, असा तुमीच म्हणतास. मगे तुमी कोण? भिंत? काय खांब? चुकला माजा.

सुभद्राबाई : नाही. या सबंध गावात एक वाक्य पूर्ण करणारी तुम्ही एकट्याच निघालात.

काशीबाई : तुमका नाय बोलावल्यानी, ता बरा नाय केल्यानी. तेंका वाटला, बाई रागावतली. माकाय तसाच वाटला. म्हणान मांजराचा नाव घेतलंय. गावकारान खराच मांजराचा सांगल्यान. पण मी तेवढ्यासाठी व्हाळ परत उतरलंय नसतंय.

सुभद्राबाई : दया करताय माझ्यावर?

काशीबाई : दया? तुमची? तुमी देवाच्या बाजूचा म्हटलात ना मगाशी, म्हणान एक सांगतंय. देव तीन दिस एकटो रवता. चवथ्या दिसा कोण कौल देता? तोच देता ना? 'येवा' म्हणान तोच सांगता. देवाकय चवथो दिस एकट्यान काढूक जमना नाय, बाई. तुमी खंयच्या?

सुभद्राबाई : ...मांजर न्या. उशीर होतोय.

काशीबाई : न्हेतंय. ये गो मने. डालग्यात ये. ये— अगो आयशी! ओरबाडल्यान!

सुभद्राबाई : मानेक धरू नको तिका! पोटाखालसून हात घाल, मगे येता ती. खुळी काय तू?

काशीबाई : काय म्हटलात?

सुभद्राबाई : म्हटलं, पोटाखालून हात घाला.

काशीबाई : नाय. तसा नाय म्हटलात.

(ओढ्यापलीकडे ढोल वाजू लागतो.)

सुभद्राबाई : खोप केवढी आहे तुमची?

काशीबाई : मोठी. मागच्या पळणीक आमी पाच जणां होतो. आता झील आणि सून गोव्यात. नातू येतंय म्हणालो, नाय इलो. तरी हातांनी तेवढीच बांधल्यानी. हातांक कोण सांगतलो?

सुभद्राबाई : मी घोरते.

काशीबाई : ठावक आसा. माजी म्हस उठता.

सुभद्राबाई : आणि तिथे कोणी मला टाळ्या वाजवायला सांगितल्या, तर त्या क्षणी मी परत येईन.

काशीबाई : शीव बंद आसतली. मगे टाळयो वाजवूक लागतल्यो.

सुभद्राबाई : गावकाराचं गाऱ्हाणं चालू असताना मला मागे बसवा. लांब. ऐकू येणार नाही इतकी लांब. ते त्याच्याच हिताचं आहे.

काशीबाई : माज्या बाजूक बसा. मी चिमटो काढतंय वेळेर.

सुभद्राबाई : आणि रिकाम्या हातानं मी येणार नाही. फडताळात आमसोलांची बरणी आहे, ती घ्या. वाटीत घालून द्यायची होती. तेव्हा राहिली.

काशीबाई : घेतंय. बरी सुकलीहत. घरची?

सुभद्राबाई : नानांनी सुकवलेली. शेवटची.

काशीबाई : मगे कालवणात एक एकच घालूया. तुमची काठी ही, धरा. ती पायरी हलता, जपान. मांजर माज्याकडे आसा. कुलूप खंय ठेवतास तुमी? माका दिया, मी लायतंय.

सुभद्राबाई : कुलूप कित्याक गो? गावात कोण आसा आता?