छापखाना गल्लीत राहतं कोण?

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेलो, तेव्हा बायको उठली नाही. शुक्रवारी तिच्या मृत्यूचा दाखला काढायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजी होत्या, त्यांना रहिवासाचा दाखला हवा होता. खिडकीतला कारकून त्यांना म्हणाला,

“आजी, छापखाना गल्लीत आता कोणी राहत नाही. सगळी गोदामं आहेत.”

“मी राहते की.”

“नोंदीत तसं नाही.”

“अरे, माझ्या खाली पंख्यांची खोकी, वर टायर. मधे मी.”

“मधल्या मजल्यावर माल काय आहे?”

“मी आणि माझं शिलाई मशीन.”

“मशीन लिहितो. तुमचं काय करू?”

“मलाही लिही, त्याच्याशेजारी.”

“मालाला रहिवासाचा दाखला मिळत नाही, आजी.”

“बरं बाबा. आणि उद्या मी तिथेच मेले तर?”

“जिथे कोणी राहत नाही, तिथे मरेल कोण?”

“चला, तेवढा तरी फायदा आहे म्हणायचा.”

“पुढे कोण आहे?”

माझ्या अर्जावरही छापखाना गल्लीच होती, खोली नंबर चार. मी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि घरी आलो.

बायकोचा दाखला काढायचा अजून राहिला आहे.